कच्चं, शिजवलेलं की पिशवीतलं? कुत्र्याच्या ताटाचा हिशेब

पिल्लू घरी येऊन आठवडा होत नाही, तोच कुणीतरी सांगतं, "याला कच्चं चिकन घाल, लांडग्याचीच जात ती." दुसरा म्हणतो "पेडिग्री दे", म्हणजे कुठल्याही कंपनीचं कोरडं खाद्य. तोवर आजीने दूधपोळी कुस्करून ताटलीत घातलेलीही असते. निवड या तिघांतलीच आहे. माझा कल आधीच सांगतो: आपल्याकडच्या बहुतेक घरांत कच्च्याचा धोका त्याच्या फायद्यापेक्षा जड भरतो.

लांडग्याचा मुद्दा तसा लंगडा आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यांत मात्र ४ ते ३०. माणसाच्या उंबऱ्याशी राहून पचन बदललं. आपल्या गावठी कुत्र्यांच्या पिढ्या भाकरतुकड्यावर निघाल्या, हे सांगायला जनुकं तपासायचीही गरज नव्हती.

तरी कच्च्याची बाजू अगदी पोकळ नाही. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांनी १९९३ मध्ये पुस्तक लिहून हा आहार लोकप्रिय केला, 'बार्फ' नावाने तो ओळखला जातो. मांस, कच्ची हाडं, कलेजीसारखे अवयव, थोडी भाजी. नाक मुरडणारं कुत्रंही हे मिटक्या मारत खातं. शी कमी आणि घट्ट होते. हाड चावताना दातांवरचं कीटण निघतं, पण कडक हाडावर दाढेचा कपचाही उडतो. अंगावरची चमक बहुतेकदा चरबीची असते, कच्चेपणाची नव्हे. तीच चमक दुसऱ्या आहारातही आणता येते.

आता जंतू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात कच्च्या पेट-फूडचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला निघाला, ३२ मध्ये लिस्टेरिया. तेही गोठवून पाकिटात विकलं जाणारं खाद्य. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात एकाच ठोकळ्यावर, एकाच सुऱ्याने दिवसभर कोंबड्या कापल्या जातात. घरी रस्सा रटरटा उकळतो म्हणून आपलं निभावतं. डीप फ्रीझरवर भिस्त ठेवू नका, साल्मोनेला थंडीत झोपतो, मरत नाही. धडधाकट कुत्र्याला बहुधा काही होत नाही, पण त्याच्या शीतून जंतू पडत राहतात. तेच तोंड मग पोराचा गाल चाटतं. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कुत्र्यांच्या एका लकव्याचा संबंध कच्च्या चिकनशी, विशेषतः मानांशी, जुळलेला आढळला. संशय कॅम्पिलोबॅक्टर या जंतूवर होता.

मटणवाल्याकडून मिळणाऱ्या फुप्फुस-कलेजीबद्दल मात्र मी सगळ्यात जास्त हट्टी आहे. शेळ्या-मेंढ्या आणि म्हशींच्या या अवयवांत हायडाटिड जंताच्या पाणीभरल्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात जंत वाढतात, त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात, आणि ती पोटात गेलेल्या माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पुढे गाठी होतात. नीट शिजवलं की हा फेरा तुटतो.

म्हणजे घरचं शिजवलेलं सर्वात बरं? इथे आपलीच फसगत होते. चिकन-भात घालणाऱ्याला वाटतं, काय कमी आहे! कॅल्शियम कमी आहे. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावापुरतं, त्यामुळे नुसत्या खिम्यावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात, मग खिमा कच्चा असो की शिजलेला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता. अंड्याच्या टरफलाच्या पुडीने कॅल्शियम येईल, पण झिंक, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं येणार नाहीत. घरचंच घालायचं असेल तर पशुवैद्याकडून मोजमापासह पाककृती आणि पूरक पावडर लिहून घ्या. आणि वाटणातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे, तेव्हा आपल्या पातेल्यातला रस्सा नको.

कोरड्या खाद्यात हा हिशेब आधीच केलेला असतो, फक्त पाकिटावर 'संपूर्ण व संतुलित' आहार असल्याचं लिहिलेलं बघा. पावसाळ्यात उघडी पिशवी खवट होते, बुरशी धरते. दुकानातून सुटं आणू नका.

आयुष्याचं काय? कच्चं खाणारी कुत्री जास्त जगतात हे दाखवणारा, जन्मापासून शेवटापर्यंत चाललेला नियंत्रित प्रयोग नाही. पोर्तुगालच्या बोबी नावाच्या कुत्र्याचं उदाहरण देतात. ३१ वर्षं जगला, माणसांचंच खायचा म्हणे. गिनीजने २०२४ मध्ये त्याचा विक्रम पुराव्याअभावी मागे घेतला. ठोस पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ४८ लॅब्रॅडॉरच्या २४ जोड्या केल्या. अन्न सगळ्यांना तेच, पण प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी. कमी खाणाऱ्यांतले निम्मे १३ वर्षांपेक्षा जास्त जगले, दुसऱ्यांतले निम्मे ११.२ पेक्षा. सांधेही उशिरा धरले. आणि हा प्रयोग प्युरिनाचा, म्हणजे खाद्य विकणाऱ्या कंपनीचाच!

घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी चाललेलं कुणी असेल, तर कच्च्याचा विषय तिथेच संपला. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर वाढ पुरी होईपर्यंत त्या जातींसाठीचं तयार पपी फूडच, वर कॅल्शियमची बाटली नको, कारण जास्तीचंही नडतं. सुदृढ मोठ्या कुत्र्याला मोजलेलं कोरडं खाद्य आणि वर उकडलेलं चिकन, अंडं किंवा लाल भोपळा, दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापर्यंत. तरीही कच्चंच घालणार असाल तर फळी-सुरी वेगळी, भांडं स्टीलचं आणि दरवेळी साबणाने घासलेलं, अवयव शिजवूनच, जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतराने. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या टोकदार चिपा आतडं फाडतात.

कुठलंही खाणं निवडा, महिन्यातून एकदा त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता बोटांना लागायला हव्यात. शोधाव्या लागत असतील तर वाटी लहान करा.