आईच्या लिव्हरमधल्या हायडेटिड गाठीचं दुर्बिणीचं ऑपरेशन

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. घरी बारा शेळ्या, दारात कुत्रा. आईला उजव्या बरगडीखाली दोन वर्षं जड वाटायचं. तालुक्याचे एक डॉक्टर दरवेळी गॅसच्या गोळ्या देत राहिले, याचा राग अजून जात नाही. शेवटी सोनोग्राफीत नऊ सेंटिमीटरची पाण्याची गाठ, म्हणजे हायडेटिड, निघाली; आत तिच्याच छोट्या पिल्लं-गाठी.

नागपूरच्या दवाखान्यात सर्जन मॅडमनी आईला समोर बसवून समजावलं. कुत्र्याच्या विष्ठेतली जंताची अंडी हाताला, भाजीला लागून पोटात जातात आणि लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं हळूहळू गाठ वाढते. आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतेल अशी ॲलर्जी येऊ शकते, नव्या गाठीही उगवतात. म्हणून त्यांनी घाई केली नाही. आधी अल्बेंडाझोल हे जंताचं औषध, ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तेही तेलकट जेवणावर, म्हणजे औषध अंगी लागतं. मधे रक्त तपासून लिव्हर पाहिलं. आई ज्वारीच्या भाकरीवर तेल-तिखट घेऊन गोळी खायची.

मग ऑपरेशन झालं, पोटाला चार छोटी भोकं पाडली. मॅडमनी नंतर व्हिडिओ दाखवला, मी तीनदा पाहिला. गाठीभोवती कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या रचल्या, मग पाणी ओढून घेतलं, आणि उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा पडदा पोटातच पिशवीत भरून बाहेर काढला. एक थेंब सांडू दिला नाही. गरज पडली तर पोट उघडावं लागेल, हेही आधीच सांगून ठेवलं होतं. गाठ लिव्हरच्या फार आत किंवा मागच्या बाजूला असेल तर दुर्बीण जमेलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

ऑपरेशननंतर पोटात ठेवलेल्या नळीतून चार-पाच दिवस पिवळं पित्त येत राहिलं. मी घाबरलो, पण सिस्टर रोज सकाळी मोजून वहीत लिहायच्या. सातव्या दिवशी नळी निघाली. "पोरा, आता मले सपाट झोपता येते बाप्पा," आई म्हणाली.

नातेवाइकांची सोय मात्र वाईट. व्हरांड्यात झोपलो, पंखा एकच, सोनोग्राफीच्या रांगेत अख्खी सकाळ गेली. तरी मी पुन्हा तिथंच नेईन.

गोळ्या अजून चालू आहेत. कुत्र्याला जंताचं औषध दिलं, बोकड कापल्यावर कलेजी-फुप्फुसं त्याच्यापुढे टाकणं बंद केलं. आई सांबार, म्हणजे कोथिंबीरही, तीन पाण्यानं धुते. पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर.