घरासाठी सेमी-ऑटो शॉटगन: चार बंदुकांचा पारखून घेतलेला हिशेब

अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी किंवा थ्री-गन (रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तिन्हींच्या) स्पर्धांसाठी बारा बोअरची सेमी-ऑटो शॉटगन मागितली की दुकानदार बहुधा चार नावं पुढे करतो: बेनेली एम४, बेरेटा १३०१ टॅक्टिकल, बेरेटा ए३०० अल्टिमा पेट्रोल आणि मॉसबर्ग ९४० प्रो टॅक्टिकल. निकाल आधीच सांगून टाकू. बहुतेकांनी ए३०० घ्यावी आणि वाचलेले पैसे काडतुसांवर घालावेत. एम४ ही यांतली सर्वांत दणकट बंदूक आहे यात वाद नाही, पण दणकट म्हणजे आपल्यासाठी योग्य असं नव्हे.

सेमी-ऑटो शॉटगन का अडते, हे समजलं तर निवड निम्मी होते. रिकामं टरफल बाहेर फेकून पुढचं काडतूस आत घ्यायची ताकद या बंदुकीला काडतुसातूनच मिळते. आणि बारा बोअरचं काडतूस म्हणजे एकच एक वस्तू नाही. क्ले शूटिंगचं, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेम धरायचं, २४ ग्रॅम छर्ऱ्यांचं हलकं काडतूसही बारा बोअरचंच, आणि तीन इंची जोरदार मॅग्नमही बारा बोअरचंच. एकाच यंत्राने दोन्ही पचवायची, ही खरी अडचण.

त्यावर दोन उपाय निघाले. गॅसच्या बंदुकीत नळीला बारीक भोकं असतात. त्यांतून येणारा गॅस पिस्टन ढकलतो आणि जास्तीचा दाब बाहेर सोडला जातो. इनर्शियाच्या, म्हणजे जडत्वावर चालणाऱ्या बंदुकीत, उदाहरणार्थ बेनेली एम२ मध्ये, गॅस लागतच नाही. बंदूक धक्क्याने मागे येते, जड बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग) जागीच राहू पाहतो, त्यामुळे आतली स्प्रिंग दबते आणि तिच्या जोरावर बोल्ट उघडतो. यंत्र साधं, आतून स्वच्छ राहणारं. पण त्यावर टॉर्च, काडतुसांचा पट्टा आणि दुर्बीण चढवली की वजन वाढतं, बंदूक पुरेशी मागे येत नाही आणि हलकं काडतूस अडकतं. शिवाय बोल्ट हाताने हळू सोडला तर त्याचं फिरतं डोकं पूर्ण बसत नाही. ट्रिगर ओढल्यावर नुसता ‘टिक’ आवाज येतो, बार उडत नाही. बोल्ट कधीही हाताने धरून हळूच पुढे नेऊ नये, पूर्ण मागे ओढून सोडून द्यावा. शिकारीला एम२ उत्तम. बंदुकीवर सामान लटकवायचं असेल तर गॅसच बरा. वरच्या चारही बंदुका गॅसच्या आहेत.

एम४ अमेरिकन मरीन कोअरने १९९९ साली एम१०१४ या नावाने घेतली. नळीखाली दोन आखूड स्टेनलेस पिस्टन, ते थेट बोल्टच्या वाहकावर आदळतात. मध्ये लांब दांडे नाहीत, म्हणून बिघडायला भाग कमी. पिस्टन स्वतःची काजळी बऱ्यापैकी स्वतःच झाडतात. त्यांना तेल लावू नका, तेलात काजळी घट्ट बसते. बंदूक पूर्ण ताकदीच्या काडतुसांसाठी बांधलेली आहे, तेव्हा ३२ ग्रॅमपेक्षा हलक्या, संथ काडतुसांवर भरवसा ठेवू नये, नवी असताना तर नाहीच. वजन साडेतीन किलो. दस्ता साधारण १४⅜ इंच लांब, म्हणजे साडेपाच फुटांच्या माणसाला हात ताणूनच धरावी लागते. बोल्टची स्प्रिंग दस्त्याच्या आतल्या नळकांड्यात असते. पाऊस-दमटपणात तिथे गंज धरतो आणि मग बोल्ट पूर्ण पुढे जाईनासा होतो. हे नळकांडं कोणी उघडत नाही. वर्षातून एकदा तरी उघडावं.

नागरी एम४ वर्षानुवर्षं पाच काडतुसांच्या मॅगझिनसह (नळीखालचं काडतुसं भरायचं नळकांडं) विकली गेली. नुसतं लांब मॅगझिन नळकांडं आणून लावलं की काम झालं, असं समजू नका. आयात केलेल्या बंदुकीत असा बदल करताना ठरावीक यादीतले परदेशी बनावटीचे भाग दहापेक्षा जास्त राहता कामा नयेत, असा संघीय नियम आहे. कारखान्यातूनच पूर्ण क्षमतेची आलेली घेणं सगळ्यात सोपं. दोन हजार डॉलरच्या वर जाणारी किंमत पाहून तुर्की नकलांकडे नजर वळते. त्यांतल्या काही चालतात, पण मूळ बेनेलीचे सुटे भाग त्यांत बसतीलच असं नाही. बिघाड झाल्यावर हे लक्षात येणं महागात पडतं.

१३०१ ही यांतली सर्वांत चपळ. वजन जेमतेम २.९ किलो, नळी १८.५ इंच, दस्ता १३ इंच. त्यामुळे बुटक्या आणि मध्यम बांध्याच्या माणसाच्या खांद्याला ती लगेच बसते. हलकी असल्याने धक्का मात्र एम४ पेक्षा जास्त जाणवतो, फुकटात काही मिळत नाही. पहिल्या पिढीत एक खोड होती: बोल्ट सोडायचं बटण लांब आणि उघडं. बोल्ट बंद असताना त्यावर चुकून दाब पडला की मॅगझिनमधलं काडतूस सुटून लिफ्टरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) येतं आणि पुढचा बार झाल्यावर दोन काडतुसं एकमेकांत अडकतात. बाजारात त्या बटणाभोवती बसणारं कडं मिळतं. नंतरच्या पिढीत कंपनीने ही जागा सुधारली. सेकंडहँड १३०१ स्वस्तात मिळत असेल तर आधी पिढी विचारा.

ए३०० अल्टिमा पेट्रोल टेनेसीतल्या गॅलटिनच्या कारखान्यात बनते. किंमत अकराशे डॉलरच्या आसपास. नळी १९.१ इंच, मॅगझिनमध्ये सात, वजन ३.२ किलो, दस्ता १३ इंच. गॅसची रचना १३०१ पेक्षा जुन्या धाटणीची आहे, म्हणून बोल्ट जरा संथ वाटतो. स्पर्धेत घड्याळ लावून बसणाऱ्याला हा फरक कळेल, घरात कळणार नाही. बोल्टची मूठ आणि बटण मोठं, काडतूस भरायचं तोंड रुंद, टॉर्च आणि पट्टा अडकवायला जागा तयार. बाकीच्या बंदुकांवर हे सगळं लावायला दीड-दोनशे डॉलर वेगळे जातात.

मॉसबर्ग ९४० प्रो टॅक्टिकल २०२२ साली आली. दोन गोष्टींसाठी तिचा विचार करावा. दस्ता १२.५ ते १४.२५ इंचांपर्यंत कमीजास्त होतो, म्हणजे नवरा-बायको दोघं वापरणार असतील तर हीच घ्या. आणि छोटी रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) बसवायला रिसीव्हरलाच, म्हणजे बोल्ट सामावणाऱ्या मधल्या धडालाच, खाच कापलेली आहे, त्यामुळे काच खाली बसते आणि गाल उचलावा लागत नाही. सेफ्टी वर, अंगठ्याखाली, डावखुऱ्यालाही सोयीची. कंपनी म्हणते दीड हजार बार साफ न करता चालेल. आधीच्या ९३० ला वारंवार साफसफाई लागायची, त्या मानाने सुधारणा मोठी आहे. तरी दावा तपासायला दीड हजार बार थांबायची गरज नाही. पाचशेनंतर पिस्टन पुसला तर काही बिघडत नाही.

दस्त्याचं माप दुकानातच घ्या. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याची टाच कोपराच्या आतल्या खोबणीला टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचायला हवं.

बंदूक घरी आली की खरं काम सुरू होतं. आतलं कारखान्याचं ग्रीस पुसा, बोल्टच्या खाचांना आणि फिरत्या डोक्याला तेलाचा पातळ हात द्या, नळी कोरडी ठेवा. पहिले ५० बार पूर्ण ताकदीच्या काडतुसांचे काढा, म्हणजे घासणारे भाग बसतात. मग घरात ठेवणार तेच बकशॉट (मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस) किमान २५ काढा. मॅगझिन पूर्ण भरून सुरुवात करा, कारण पहिलं काडतूस सगळ्यात घट्ट स्प्रिंगखाली असतं आणि शेवटचं सगळ्यात सैल. अडचण या दोन टोकांनाच येते. शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे अडकून राहतो का पाहा. हे सगळं टॉर्च, पट्टा, दुर्बीण चढवूनच करा. नुसत्या बंदुकीची चाचणी घेऊन नंतर सामान लावलं तर ती चाचणी फुसका बार.

टरफल अर्धवट बाहेर येऊन अडकलं तर आधी काडतूस बदला. पोलादी बूड असलेली स्वस्त काडतुसं तापलेल्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) फुगून चिकटतात. पितळी बुडाची घेतली की तक्रार बरेचदा संपते. पावणेदोन इंची मिनी काडतुसं या बंदुकांत चालवू नयेत. मॅगझिनमधून काडतूस येतच नसेल तर नळकांड्यावर पोचा आहे का, काडतुसं ढकलणारा फॉलोअर वाकडा बसलाय का, स्प्रिंग गंजली आहे का, ते पाहा. आणि बोल्ट जड चालत असेल तर संशयाची सुई बाजूला लावलेल्या काडतूस-पट्ट्याकडे वळवा. त्याचे स्क्रू जास्त आवळले की अ‍ॅल्युमिनियमचा रिसीव्हर आत दाबला जातो आणि बोल्ट घासू लागतो. पट्टा सैल करून बोल्ट ओढा, उत्तर मिळेल. वेल्क्रोने चिकटणारा पट्टा हा त्रास देतच नाही. मॅगझिनच्या टोकाची टोपी धक्क्याने सैल होते आणि नळी तिनेच धरलेली असते, म्हणून शंभरेक बारांनी हात लावून बघा.

डबल-ऑट (००) या मापाच्या बकशॉटचा एक छर्रा ०.३३ इंचांचा, आणि अमेरिकन घरांतल्या जिप्समच्या भिंती तो सहज भेदतो. म्हणून घरातलं सर्वांत लांब अंतर मोजा आणि तेवढ्या अंतरावरून कागदावर बार काढून छर्रे किती पसरतात ते पाहा. फेडरल कंपनीच्या फ्लाइटकंट्रोल वाडचा (छर्रे धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या कपाचा) पुंजका इतरांहून खूप घट्ट येतो. बंदूक कुलपात आणि चेंबर रिकामा. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, बंदूक पडली तर तिचा भरवसा नाही.

दुकानात जायच्या आधी कागदपत्रं. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे अपवाद मोजके आहेत. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास मराठी वस्ती दाट आहे, सहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन, पिस्तूल-मूठ किंवा घडीचा दस्ता यांपैकी एकही असलेली सेमी-ऑटो शॉटगन चालत नाही. म्हणजे सात भरणारी ए३०० आणि ९४० आहे तशी तिथे घेता येणार नाही. भारतात तर प्रश्नच वेगळा: २० इंचांहून आखूड, गुळगुळीत नळीची बंदूक साध्या परवान्यात बसत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात.

सेकंडहँड घेताना आधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे याची खात्री करा. मग पुढची मूठ काढायला लावा आणि पिस्टनवर ओरखडे, नळीच्या गॅस-भोकांत काजळीचे थर आहेत का पाहा. विकणारा मूठ काढू देत नसेल तर बंदूक तिथेच ठेवा.