आरमधलं 'सर्व्हायव्हल' पॅकेज: आठ महिने वापरल्यावर सगळा राग एका स्टेटस कॉलमवर

गेल्या आठवड्यात आर या सांख्यिकीच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, रुग्ण किती काळ जगले याचा हिशोब करणारं 'सर्व्हायव्हल' पॅकेज वापरून, तीन गटांच्या तीन वेगळ्या फाइली करून कापलान-मायर कर्व्ह (काळानुसार किती रुग्ण जिवंत राहिले ते दाखवणारी पायऱ्यांची रेघ) काढले. ज्या गटात एकही रुग्ण दगावला नव्हता, नेमका त्याच गटाचा कर्व्ह पायऱ्या उतरत थेट शून्यावर आला. एरर नाही, वॉर्निंगही नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, म्हणून हे लिहितोय.

आरकडे मी वळलो ते पैसे वाचवायला. आधीच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं नूतनीकरण परवडेना आणि इथे कापलान-मायर, गटांची तुलना करणारी लॉग-रँक चाचणी, कुठल्या घटकाने जोखीम किती बदलते ते मोजणारं कॉक्स मॉडेल, सगळं फुकट. वेग चांगला आहे, कॉक्स-झेडपीएचची प्रपोर्शनल हॅझर्ड चाचणी (जोखमीचं प्रमाण काळानुसार तेच राहतं का, हे पाहणारी) एका ओळीत होते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार 'सर्व्ह' फंक्शनच्या अंदाज बांधण्याबद्दल आहे. त्याला प्रत्येक रुग्णाचा कालावधी आणि स्टेटस, म्हणजे मृत्यू झाला की नाही, द्यावं लागतं. स्टेटस कॉलममध्ये सगळ्यात मोठा आकडा २ दिसला, की ते १ म्हणजे सेन्सॉर्ड (शेवटच्या नोंदीपर्यंत मृत्यू नाही) आणि २ म्हणजे मृत्यू धरतं. २ नसेल तर ०/१ कोडिंग धरतं, म्हणजे १ हाच मृत्यू. माझा डेटा १/२ मध्ये होता. त्या गटात मृत्यूच नसल्याने फाइलमध्ये २ उरला नाही, सगळे १ राहिले. झालं, सगळे जिवंत रुग्ण मृत ठरले! तीच गाळणी (फक्त तो गट निवडणं) आधी फाइलवर न लावता 'सबसेट' या आर्ग्युमेंटमधून दिली, तर उत्तर बरोबर येतं, कारण तेव्हा 'सर्व्ह' आधी पूर्ण कॉलम पाहतं. हे कळायला मला दुसरी संध्याकाळ लागली.

इतकं चिडल्यावर मदतीचं पान नीट वाचलं आणि राग थोडा उतरला. हे पॅकेज अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या टेरी थर्नो यांचं. भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर डेटा साठवायच्या काळात आयबीएम ३६० या संगणकावरची फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा रिकामी जागा शून्य म्हणून वाचायची, त्यामुळे खरा शून्य आणि न भरलेली नोंद यांत फरक कळत नसे. म्हणून मेयोच्या सांख्यिकी विभागाने शून्य वापरणंच बंद केलं. कार्डं गेली, सवय राहिली. पॅकेजसोबत येणारा 'लंग' हा नमुना डेटाही तसाच आहे: २२८ रुग्ण, १६५ मृत्यू, १/२ कोडिंग. कारण पटलं. पण अंदाज गुपचूप बांधला जातो, हे अजूनही पटत नाही. सगळे १ दिसले तर निदान एक सूचना द्यायला काय हरकत आहे?

बाकीच्या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये वेगळे धोके आहेत. स्टाटाची 'एसटीसेट' कमांड शून्याखेरीज कुठलाही आकडा घटना (इथे मृत्यू) मानते. फेल्युअरचं (घटनेचं) मूल्य न सांगता तीच 'लंग' फाइल दिली, तर २२८च्या २२८ मृत. सॅसमध्ये सेन्सॉर्डचा कोड सांगायचा, एसपीएसएसमध्ये घटनेचा. घाईत उलट झालं की संपलं.

कोडिंग दुरुस्त केल्यावरही जुन्या सॉफ्टवेअरच्या निकालाशी हॅझर्ड रेशो (दोन गटांच्या जोखमीचं प्रमाण) तंतोतंत जुळेना. मी पुन्हा पॅकेजला दोष द्यायला निघालो होतो, पण ही चूक त्याची नव्हती. माझा कालावधी महिन्यांत नोंदलेला, त्यामुळे एकाच महिन्यात अनेक मृत्यू. अशा टाय आल्या की आर मुळात एफ्रॉनची पद्धत वापरतं, तर सॅस आणि स्टाटा ब्रेस्लोची. टाय पुष्कळ असतील तर एफ्रॉनच जास्त अचूक, म्हणून मी तीच ठेवली. जुळवून पाहण्यापुरतं एकदा ब्रेस्लो केलं, आकडे बसले.

आता स्टेटस आकड्यात देतच नाही. 'स्टेटस बरोबर २' अशी अट 'सर्व्ह'मध्येच लिहितो, म्हणजे आकड्याऐवजी ट्रू-फॉल्स (खरं-खोटं) जातं आणि अंदाजाला जागा उरत नाही. कर्व्ह बघण्याआधी घटनांचा आकडा कागदावरच्या मोजणीशी ताडतो. त्या गटाची रेघ आता १ वर सरळ आहे. मीडियनच्या (निम्मे रुग्ण दगावायला लागलेल्या काळाच्या) जागी एनए, म्हणजे 'उपलब्ध नाही', येतं, आणि तेच बरोबर आहे: त्या गटातलं कुणी गेलेलंच नाही.