सिंगापूरहून आलेलं भुकेचं पाकीट

आधीच सांगते, ह्या चिनी सूपच्या पाकिटाला पाचपैकी तीन गुण. दोन का कापले ते वाचा.

आमची धाकटी पाच वर्षांची. पहिला घास गालात गेला की अर्धा तास तिथेच. दिवाळीला भाऊजी सिंगापूरहून आले ते तिच्यासाठी चिनी सूपची तीन पाकिटं घेऊन. तिकडच्या आज्या न जेवणाऱ्या नातवंडांना हेच करून घालतात म्हणे. नाव 'चार देवांचं सूप'. मूळचे ते चार मंत्री, म्हणजे पाकिटातले चार जिन्नस. तिकडच्या एका बोलीत दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात, म्हणून मंत्र्यांचे देव झाले असं सांगतात. आपल्याकडं त्याला बोलीचीही गरज पडत नाही.

पाकीट फोडलं आणि एक गुण तिथंच गेला. चिनी कंदाच्या (आपल्या कोनफळाच्या जातीतला) पांढऱ्याफेक काचऱ्यांना फटाक्यासारखा वास. माल पांढरा राहावा, कीड लागू नये म्हणून गंधकाची धुरी देतात, तसला. तीन पाण्यांनी धुतलं, रात्रभर भिजवून पाणी ओतून दिलं, तेव्हा गेला. लेकरांच्या खाण्याला हे कशाला?

बाकी कमळाच्या बिया, फू लिंगचे चौकोनी तुकडे आणि लालसर पांढरे बारके दाणे. फू लिंग म्हणजे पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी. दिसायला खडू, चवीलाही जवळपास तोच. दाणे काही ओळखू येईनात, म्हणून मधल्या मारुतीजवळ काष्ठौषधीच्या दुकानात नेऊन दाखवले. म्हातारबाबांनी एक दाताखाली धरला. "ताई, हे मखाण्याचंच बी हाय. आपल्याकडं भाजून फोडत्यात, ते नुसतं सोलून वाळवत्यात." एकादशीला तुपात परततो तोच मखाणा, सिंगापूर फिरून आलेला!

पाकिटावर डुकराच्या बरगड्या घाला म्हणून लिहिलंय. आम्ही कोंबडीची हाडं घातली. मंद आचेवर दीड तास सांगितलाय, मी कुकरला पाच शिट्ट्या केल्या, बिया छान पिठूळ शिजल्या. पण पहिल्याच चमच्याला पोरीनं तोंड वाकडं केलं. कडू! एक बी नखानं उभी फोडली, तर आत हिरवागार कोंब, मटकीच्या मोडाएवढा. कडूपणा त्याचाच. तो आधी काढायचा असतो आणि बऱ्याच बियांत तसाच राहिलेला. दुसरा गुण इथं गेला. पुढच्या खेपेला मी आणि सासूबाई भिजलेल्या बिया सोलत बसलो, एकेक कोंब सुईनं काढला.

मूल जेवत नसेल तर चिनी वैद्य म्हणतात प्लीहा अशक्त आहे. ही प्लीहा म्हणजे डॉक्टर सोनोग्राफीत दाखवतात ती नव्हे, पचनाचा अख्खा कारभार. सासूबाई म्हणाल्या, "अगं, म्हणजे जठराग्नीच की."

गुण आला का? पाकीट घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं गेले होते. त्यांनी आधी वजन-उंचीचा तक्ता बघितला, शाळेत जंताची गोळी घेतली का विचारलं, मग दिवसाला दूध किती. तीन ग्लास, पावडर घालून. "दोन बंद करा. सूप अन्न म्हणून द्या, औषध म्हणून नको." दूध कमी केलं त्याच आठवड्यात सूप सुरू केलं, त्यामुळं भूक वाढली त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते मला सांगता येणार नाही. दुधालाच द्यावं असं मन म्हणतं.

पण सूप म्हणून खरंच बरं आहे. अळणी असतं, मीठ शेवटी घालावं. पोरीनं कडक भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला, मग वाटीत भाकरीच कुस्करून मागितली, वर चिमूटभर शेंगाचटणी. ह्यांनीही तसंच खाल्लं आणि मला रस्सा उरला नाही.

दुसऱ्या पाकिटानंतर इथलं सामान आणून बघितलं. फुललेल्या मखाण्याची कुकरमध्ये खळ झाली. पूजेच्या दुकानातला कमळगट्टा तर बत्त्यालाही दाद देईना, एक उडून देवघरामागं गेला. तेवढ्यासाठी तयार पाकीट बरं. भाऊजींना निरोप धाडलाय, पुढच्या खेपेला गंधकाचा वास नसलेलं आणा, आणि कोंब काढलेल्या बिया मागून घ्या. तिसरं पाकीट अजून डब्यात आहे, पोरगी रोज विचारते, "खडूची भाकरी कधी?"