ऑपरेशन चालू असताना लिम्फ नोड तपासायचे कसे: फ्रोझन, ओस्ना की चमकणारी एन्झाइम तपासणी?

फुफ्फुसातली कॅन्सरची गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि कडेला असेल, तर सर्जन हल्ली पूर्ण लोब (फुफ्फुसाचा मोठा भाग) काढण्याऐवजी त्यातला सेगमेंट म्हणजे छोटा हिस्साच काढू म्हणतात. जपानमधल्या ११०६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आल्यापासून या सल्ल्याला भक्कम आधार मिळाला आहे. मात्र कॅन्सर लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत, गेलेला नसावा. पेट स्कॅनमधून (कॅन्सर उजळून दाखवणाऱ्या तपासणीतून) निसटलेला नोडमधला कॅन्सर ऑपरेशन टेबलवरच सापडला, तर लोब काढायचा निर्णय तिथल्या तिथे घेता येतो. म्हणून टेबलवर नोड कसे तपासतात, हे ऑपरेशनच्या आधी समजून घेणं मोलाचं आहे.

सगळ्यात रुळलेला मार्ग फ्रोझन सेक्शनचा. नोड उणे वीस अंशांच्या आसपास गोठवतात, काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात, रंग देतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून साधारण अर्ध्या तासात थिएटरमध्ये निरोप देतात. नोडचे एक-दोनच काप पाहिले जातात, ही यातली उणीव. कॅन्सरच्या पेशींचा दोन मिलिमीटरहून लहान पुंजका त्या कापात आलाच नाही, तर तो सुटतो. पण आपल्याकडे फ्रोझनचा एक फायदा फार मोठा आहे. टीबीने सुजलेले नोड पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारखेच उजळतात. कापात ग्रॅन्युलोमा (टीबीसारख्या आजारात जमणारा सुजेच्या पेशींचा गोळा) दिसला की पॅथॉलॉजिस्टला ही वेगळी गोष्ट आहे हे ओळखता येतं.

ओस्ना जपानमधून आलेली तपासणी. नोड द्रावणात कुटून एकजीव करतात आणि त्यात सायटोकेरॅटिन १९ या प्रोटीनचा आरएनए (ते प्रोटीन बनवण्याचा पेशीतला संदेश) आहे का ते मशीन शोधतं. हा आरएनए लिम्फ नोडमध्ये एरवी नगण्यच असतो. इथे खूण आरएनएची असते, एन्झाइम फक्त ती खूण वाढवून दाखवायला वापरतात. वेळ फ्रोझनइतकाच लागतो आणि नोडचा मोठा भाग तपासला जातो, त्यामुळे बारीक पुंजके जास्त सापडतात. पण कुटलेला नोड पुन्हा पाहता येत नाही, आणि ज्या कॅन्सरमध्ये ही खूण नसते तिथे निकाल फसवा निगेटिव्ह येतो. म्हणून अर्धा नोड पॅथॉलॉजीसाठी राखून ठेवणार का, हे विचाराच.

खऱ्या अर्थाने एन्झाइमवर चालणारी पद्धत म्हणजे चमकणारे द्रव. टोकियोच्या यासुतेरू उरानो यांच्या गटाने २०११ मध्ये असा एक फवारा मांडला. कॅन्सरच्या पेशीवर गामा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज वाढलेलं असेल, तर ते द्रवातला ग्लुटामेटचा तुकडा तोडतं आणि काही मिनिटांत हिरवा प्रकाश दिसतो. बघायला विलक्षण वाटतं, आणि मला या संशोधनाबद्दल मनापासून आशा आहे. पण फुफ्फुसाच्या सगळ्याच कॅन्सरमध्ये हे एन्झाइम वाढलेलं नसतं. शिवाय हिरवा प्रकाश पेशींच्या थरांतून फार खोलवर जात नाही. छातीतले नोड शहरी धुराने, सिगारेटने, चुलीच्या काजळीने बहुतेकदा काळे पडलेले असतात. आत दडलेला पुंजका बाहेरून फवारून कसा दिसणार? नोड कापून फवारला तर गोष्ट वेगळी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तसे प्रयोग झाले आहेत.

कॅथेप्सिन या दुसऱ्या एन्झाइमवर चालणाऱ्या, शिरेतून देण्याच्या चमकणाऱ्या औषधांची अडचण निराळी. सूज आलेल्या जागी जमणाऱ्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशींमध्येही कॅथेप्सिन भरपूर असतं, त्यामुळे टीबीचा जुना नोडही चमकू शकतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फुफ्फुसासाठी मंजूर झालेलं पाफोलासिआनिन हे चमकणारं औषध पुष्कळदा याच गटात मोजलं जातं, पण ते एन्झाइमवर चालत नाही; ते पेशीवरच्या फोलेट रिसेप्टरला चिकटतं आणि फुफ्फुसातल्या गाठी शोधायला उपयोगी पडतं.

माझं मत स्पष्ट आहे. सेगमेंट काढायचा बेत असेल तर फ्रोझन हवंच. ओस्नाची सोय असेल तर ती जोडीला घ्यावी, फ्रोझनच्या जागी नव्हे. चमकणाऱ्या द्रवासाठी हॉस्पिटल बदलू नये. त्याच्या संशोधन चाचणीत सहभागी होण्याची संधी मिळाली, तर डॉक्टरांशी बोलून जरूर विचार करावा. सर्जनना विचारायचे प्रश्न दोन: कुठल्या स्टेशनचे (छातीतल्या ठरावीक जागांचे) नोड टेबलवर तपासणार, आणि एखादा पॉझिटिव्ह आला तर पुढे काय करणार? अंतिम रिपोर्टमध्ये नंतर काही सापडलं, तरी केमो, आणि कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकातला बदल (म्युटेशन) असल्यास ओसिमर्टिनिब हे औषध, असे उपाय हातात असतात.