वार्षिक मल्टि-ट्रिप प्रवास विमा : अकरा महिने, तीन क्लेम, आणि 'कनेक्टिंग फ्लाइट' या दोन शब्दांचा घोळ

पॉलिसी वार्षिक, एक लाख डॉलरची, अमेरिका-कॅनडा वगळून. अकरा महिन्यांत तीन प्रवास झाले आणि तीन क्लेम टाकले. एक मिळाला, एक अर्धवट मिळाला, एक फेटाळला. तिन्ही वेळा तिकिटं, हॉटेलं, गाड्या सगळं स्वतः बुक केलेलं. टूर कंपनीबरोबर जात असाल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, कारण पुढचं विमान चुकलं तर धावपळ कंपनीचा माणूस करतो. स्वतः बुकिंग केलं की ती धावपळ आपली आणि खर्चही आपलाच.

फेटाळलेल्या क्लेमपासून सुरू करतो. मुंबई–बँकॉक एका कंपनीचं, पुढे बँकॉक–क्राबी दुसऱ्या स्वस्त कंपनीचं, म्हणजे दोन वेगळे पीएनआर. पहिलं विमान सुवर्णभूमीला उतरतं, दुसरं डॉन मुआंगहून सुटतं. मध्ये इमिग्रेशन, बेल्टवरून बॅग घेणं, दोन विमानतळांमधली मोफत शटल बस (पुढचं तिकीट दाखवावं लागतं) आणि परत चेक-इन. रस्ता मोकळा असला तरी बसला तासभर धराच. मधलं अंतर साडेपाच तासांचं ठेवलं होतं. मुंबईचं विमान चार तास उशिरा पोचलं. क्राबीचं तिकीट वाया गेलं आणि नवं तिकीट त्या दिवशीच्या भावाने घ्यावं लागलं.

पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये 'मिस्ड कनेक्शन – ५०० डॉलर' असं स्वच्छ छापलंय. पण शेड्यूल म्हणजे दोन पानांचा तक्ता. खरा करार पॉलिसी वर्डिंगच्या पीडीएफमध्ये असतो. तिथे व्याख्यांच्या यादीत 'कनेक्टिंग फ्लाइट' म्हणजे एकाच तिकिटावर आरक्षित केलेलं पुढचं उड्डाण, असं एक वाक्य आहे. त्या वाक्यावर क्लेम गेला. 'ट्रिप डिले'तही बसेना, कारण तो फायदा सहा तासांच्या पुढे सुरू होतो आणि इथे उशीर चारच तासांचा.

यात मला खटकतं ते असं. एकाच पीएनआरवर प्रवास असेल आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात जागा देणं हे मुळात विमान कंपनीचंच काम असतं. म्हणजे जिथे प्रवाशाचा खिसा फारसा हलत नाही तिथे विमा उभा, आणि जिथे तिकिटाचे सगळे पैसे बुडतात तिथे नाही. स्वतः बुकिंग करणारा माणूस स्वस्त पडतं म्हणूनच तिकिटं तोडून घेतो. त्याच्यासाठी ही पॉलिसीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, आणि तीच व्याख्यांच्या गर्दीत गाडलेली.

सुरुवातीला वाटलं ही या एकाच कंपनीची लबाडी आहे. नंतर इतर कंपन्यांची वर्डिंग्ज काढून वाचली तेव्हा मत बदललं. प्रत्येकाची व्याख्या वेगळी आहे आणि ती जाहीर आहे. आपणच तक्ता बघून प्रीमियम भरतो. तेव्हा वर्डिंग उघडून तीन गोष्टी शोधा : 'कनेक्टिंग फ्लाइट'ची व्याख्या, दोन विमानांत किमान किती तासांचं अंतर मागितलंय, आणि पहिलं विमान किती तास उशिरा आलं तर पैसे मिळतात. शंका असेल तर मेलने विचारा. फोनवर 'हो सर, कव्हर्ड आहे' असं सांगणारा माणूस क्लेमच्या वेळी सापडत नाही.

बॅग उशिरा येण्याचा क्लेम रोमचा. फ्युमिचिनोला बेल्ट रिकामा झाला की बाहेर पडायच्या आधी तिथल्याच बॅगेज काउंटरवर पीआयआर (बॅग न आल्याची लेखी नोंद) करून घ्यायचा. त्यावर दहा अक्षर-अंकांचा नंबर असतो : विमानतळाची तीन अक्षरं, विमान कंपनीची दोन, मग पाच आकडे. तो नसेल तर विमा कंपनी पुढे वाचतही नाही. या पॉलिसीत पहिले बारा तास सोडून कमाल १०० डॉलर. बॅग एकतीस तासांनी आली. आतले कपडे, टूथब्रश, एक स्वेटर मंजूर झाले. फोनचा चार्जर 'अत्यावश्यक नाही' म्हणून कापला. एक बिल पूर्ण बाद झालं, कारण त्यावर छापलेली वेळ बॅग हॉटेलवर पोचल्यानंतरची होती. बिलावर तारखेबरोबर वेळही छापलेली असते आणि ते ती बघतात. परतीच्या प्रवासात मुंबईला बॅग उशिरा आली तर या फायद्यात काहीच मिळत नाही.

आधी विमान कंपनीकडे मागा. माँट्रियल करारानुसार बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करायची असते (बॅग फुटली असेल तर ७ दिवसांत), आणि २८ डिसेंबर २०२४ पासून बॅगेची भरपाई-मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे या पॉलिसीच्या १०० डॉलरच्या कितीतरी पट. बिलं लागतातच. विमान कंपनीने दिलेले पैसे विमा कंपनी वजा करते.

आता चांगलं ते. व्हिएतनाममध्ये पोट बिघडून दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली, तो क्लेम इतका सरळ झाला की आश्चर्य वाटलं. कार्डवरचा १८०० वाला टोल-फ्री नंबर परदेशातून लागत नाही. +९१ वाला दुसरा नंबर बारीक अक्षरांत असतो, तो निघण्याआधीच फोनमध्ये ठेवा. अर्ध्या तासात केस नंबर आणि जवळच्या रुग्णालयांची यादी व्हॉट्सॲपवर आली. दाखल न होता घेतलेल्या उपचाराचे पैसे आधी स्वतः भरायचे आणि नंतर परत मागायचे. बिल २४० डॉलर, डिडक्टिबल (दर क्लेममधला आपण सोसायचा सुरुवातीचा भाग) १००, १४० डॉलरचे रुपये पंधरा दिवसांत खात्यात. किरकोळ तपासणी आणि दोन गोळ्यांचं बिल डिडक्टिबलमध्येच संपतं, त्यासाठी कागद जमवत बसू नका. दवाखान्यातून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून निदान इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन या. नंतर मेलवर ते मिळवणं फार जिकिरीचं. घरातल्या ज्येष्ठांसाठी घेत असाल तर एकूण रकमेपेक्षा ६० वर्षांपुढच्या सब-लिमिट (ठरावीक खर्चांवरच्या वेगळ्या कमाल मर्यादा) आणि जुन्या आजारांची ओळ आधी वाचा.

कागदांतली एक नवी अडचण : क्लेम फॉर्म अजून पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के मागतो, पण शेंगेन (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांच्या) सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने डिजिटल नोंद सुरू झाली आणि शिक्का मारणं बंद होत गेलं. त्यामुळे प्रत्येक बोर्डिंग पासची पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट ठेवा. प्रवास झाला की ॲपमधून तो गायब होतो.

शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचं किमान कव्हर लागतं, ते यात सहज बसलं. ट्रिप कॅन्सलेशनमध्ये या पॉलिसीत व्हिसा नाकारल्याचे पैसे नाहीत, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येण्याजोगंच घ्या. वार्षिक पॉलिसीत एक प्रवास सलग ३० दिवसांपर्यंतच चालतो. वर्षात पासपोर्ट बदलला तर उडण्याआधी नव्या नंबरची एन्डॉर्समेंट (पॉलिसीत अधिकृत दुरुस्ती) करून घ्या. थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा (फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष) आणि त्यात दुचाकीचा वर्ग आहे का बघा. नाहीतर अपघाताचा क्लेम तिथेच अडतो.

फेटाळलेल्या क्लेमवर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलंय, विमा नियामकाच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही नोंद केली आहे. महिनाभरात समाधानकारक उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत असते, फी नाही, वकील लागत नाही. कार्यालयं मुंबईतही आहेत, पुण्यातही. व्याख्या इतकी स्पष्ट असताना निकाल आपल्या बाजूने लागेल असं वाटत नाही, पण मोठ्या अक्षरातला तक्ता व्याख्येबद्दल अवाक्षर काढत नाही हे तिथे मांडणार आहे.

नूतनीकरण पुढच्या महिन्यात. चार कंपन्यांना मेलवर एकच प्रश्न विचारला : वेगळे पीएनआर चालतात का? दोघांचं उत्तर आलं. एकीने लेखी दिलंय की चालतात, मात्र दोन विमानांत किमान सहा तास हवेत. तिचा प्रीमियम सध्याच्यापेक्षा थोडा जास्त आहे. तरी तीच घेणार, आणि क्राबीचं तिकीट यापुढे सात तासांच्या अंतराने.