स्पॉटिफायवर स्वतःच्या प्लेलिस्ट बनवा, पण मूडच्या नको, कामाच्या

बरेच जण विचारतात की स्पॉटिफाय हे गाण्यांचं ॲप मराठी गाणी ऐकणाऱ्याला घेण्यासारखं आहे का. माझं मत, तयार मिळणाऱ्या याद्यांसाठी घेत असाल तर राहू दे, स्वतः लिस्ट बनवायचा कंटाळा नसेल तर डोळे झाकून घ्या. २०१९ ला भारतात आलं तेव्हापासूनच्या तयार "रोमँटिक", "सॅड" वगैरे लिस्ट बघा, फिरून फिरून तीच तीच लोकप्रिय गाणी. भावगीत, लावणी, भीमगीतं, कोळीगीतं एवढं पडलंय आपल्याकडे आणि ॲपला वाटतं मराठी माणसाचे मूड दोनच, एक लग्नाचा आणि एक ब्रेकअपचा.

आणि मुळात मूडच्या नावाने लिस्ट केली की ती चालतच नाही असं मला वाटतं, कारण मूड दहा मिनिटांत बदलतो, काम मात्र तेच राहतं. पोळ्या लाटायच्यात, चालायला जायचंय, ऑफिसचं एक्सेल भरायचंय, घर झाडायचंय, अशा नावांच्या लिस्ट बघा किती वापरल्या जातात ते. जात्यावरच्या ओव्या काय वेगळ्या होत्या, दळण होतं म्हणून गाणं होतं.

चालायच्या लिस्टचं गणित सोपं आहे. भरभर चालताना मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात, त्यामुळे त्याच लयीची गाणी घ्या, पाय आपोआप ठेक्यात पडतात. कोळीगीतं इथे भारी चालतात. पहिली दोन जरा संथ ठेवायची, शेवटचं पण संथ. स्वयंपाकाच्या लिस्टला लय बघत नाही, लांबी बघते, पाऊण तासाची केली की लिस्ट संपायच्या आत भाजी-पोळी आटपायची, घड्याळ बघायला नको. डोकं लावायच्या कामाला शब्द नकोच, तिथे बासरी नाहीतर संतूर, नाहीतर मी गाणं म्हणत बसते आणि एक्सेल तसंच राहतं. उदास लिस्ट करायचीच असेल तर अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका, त्यापुढे ते दुःख राहत नाही, छंद होतो.

आता सेटिंगमधली एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. क्रॉसफेड म्हणून ऑप्शन आहे, एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळतं, १२ सेकंदांपर्यंत वाढवता येतं. पार्टीला, चालायला मस्त, पण शास्त्रीय किंवा अभंग लावताना शून्य करा म्हणजे कराच. शेवटची तिहाई घेऊन, म्हणजे तीच ओळ तीनदा म्हणून, गायक समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येतोय आणि त्याच्यावर पुढच्याचा तंबोरा सुरू, काय अर्थ आहे त्याला. तसंच शफल, म्हणजे लिस्टमधली गाणी उलटसुलट क्रमाने लागणं. ख्यालाच्या, म्हणजे रागदारी गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा आधीचा संथ विलंबित आणि नंतरचा जलद द्रुत असे वेगळे ट्रॅक असतात, शफल चालू राहिलं की द्रुत आधी आणि विलंबित तासाभराने कुठेतरी, आणि शेवटी गायची भैरवी मैफलीच्या मध्यात. सकाळची लिस्ट करणार असाल तर आधी भैरव राग, मग तोडी असा क्रम हाताने लावा आणि शफल बंद ठेवा, हे काम मशीनवर सोडू नका.

मला सगळ्यात आवडलेलं फीचर म्हणजे एखादी लिस्ट आपल्या आवडीच्या हिशोबातून वगळता येते. लिस्टच्या तीन टिंबांत ऑप्शन आहे. गणपतीत दहा दिवस आरत्या लावल्या, किंवा पोरांना बडबडगीतं लावून दिली, तर ॲपने तेवढ्यावरून आपली आवड ठरवू नये म्हणून हे. आरतीच्या लिस्टला आधीच करून ठेवा.

ट्रिपला सगळ्यांना ॲड करता येणारी कोलॅबोरेटिव्ह लिस्ट करा, कोणतं गाणं कोणी टाकलं ते दिसतं, त्यामुळे गाडीत भांडणाला पुरावा राहतो. ताम्हिणीसारख्या घाटात रेंज जाते म्हणून घरूनच डाउनलोड करायची, त्याला पैसे भरलेलं अकाउंट लागतं, आणि ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं.

वैताग एकच, शोधणं. मराठी गाण्यांची नावं रोमन स्पेलिंगमध्ये कशीही असतात, ज्ञ एकीकडे एक, दुसरीकडे भलतंच, ळ चा तर पत्ताच नाही. सगळ्याच ॲपवर हे आहे कारण नावं भरून देतात त्या म्युझिक कंपन्या. म्हणून सापडलं की लगेच लिस्टमध्ये टाका, उद्या शोधू म्हणाल तर विसरा. लिस्ट फार झाल्या तर कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये फोल्डर करता येतात, मी घर, बाहेर आणि देव असे तीन केलेत.

पैसे भरायचे का? चालायला आणि स्वयंपाकाला फ्री चालून जातं, पण झोपताना किंवा ख्याल ऐकताना मध्येच जाहिरात ज्याला सहन होते त्याने फ्रीच वापरावं, माझ्याने नाही होत.